वाचकांचे प्रश्न : पाइप आज्ञेने लायब्ररीतील मेंबरांची यादी

प्रश्न : मी पुण्यात राहून एका परदेशी विमा कंपनीच्या मेनफ्रेमची देखभाल करणाऱ्या गटात काम करते. आमच्या एका जेसीएल (जॉब चालवण्याच्या सूचनांच्या) लायब्ररीत सुमारे 1200 मेंबर, म्हणजे स्वतंत्र नावांचे भाग, आहेत. आयएसपीएफ या मेनफ्रेमवरच्या मेनूप्रणालीच्या 3.4 पर्यायातून ते पडद्यावर दिसतात, पण मला त्यांची नावे एका वेगळ्या डेटासेटमध्ये, म्हणजे मेनफ्रेमवरच्या फाइलमध्ये, हवी आहेत, म्हणजे त्यांच्यावर पुढचे काम करता येईल. माझे सहकारी रेक्स या स्क्रिप्टच्या भाषेतून ‘लिस्टडीएस’ ही आज्ञा चालवतात, तिचे उत्तर ‘आउटट्रॅप’ने पकडतात आणि वरच्या ओळी मोजून गाळतात. आमच्या यंत्रणेवर ‘पाइप’ नावाची आज्ञाही आहे असे नुकतेच कळले. तिने हे काम होते का, आणि झाल्यास त्यात वेगळे काय मिळते? — एक वाचक, पुणे

उत्तर : होते, आणि माझ्या मते याच मार्गाने ते व्हायला हवे. आपण ज्या आज्ञेविषयी विचारता ती बॅचपाइप्स या आयबीएमच्या उत्पादनासोबत झेड/ओएस या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीवर येते. तिचे मूळ मात्र व्हीएम या मेनफ्रेमच्या दुसऱ्या कार्यप्रणालीवरच्या सीएमएस पाइपलाइन्समध्ये आहे, ज्यांची रचना आयबीएमच्या डेन्मार्क शाखेतील जॉन हार्टमन यांनी 1980 च्या दशकात केली. युनिक्समध्ये 1973 साली आलेल्या पाइपची कल्पना त्यांनी घेतली, परंतु एक मोठा फरक केला. युनिक्सच्या पाइपमधून अक्षरांचा सलग ओघ वाहतो, तर इथे एकेक नोंद पुढे जाते. मेनफ्रेमवरची माहिती मुळातच नोंदींच्या रूपात असल्यामुळे हा बदल तिथे अगदी स्वाभाविक ठरला. आज्ञेतल्या प्रत्येक टप्प्याला ‘स्टेज’ म्हणतात आणि दोन स्टेजांच्या मध्ये उभी रेघ येते.

आपल्याला हवी असलेली आज्ञा पुढीलप्रमाणे आहे. या सदरात ती देवनागरीत छापली असली, तरी टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टंकावी.

पाइप लिस्टपीडीएस 'प्रोड.पेरोल.जेसीएल' | चॉप 8 | कन्सोल

पहिली स्टेज लायब्ररीची डिरेक्टरी, म्हणजे मेंबरांची सूची, वाचते आणि प्रत्येक मेंबरमागे एक नोंद पुढे पाठवते. दुसरी स्टेज त्या नोंदीचे पहिले आठ स्तंभ ठेवून उरलेला भाग कापते आणि तिसरी ते नाव पडद्यावर लिहिते. डेटासेटचे नाव एकेरी अवतरणात दिले, तर ते पूर्ण नाव समजले जाते. अवतरण नसेल, तर टीएसओ या आज्ञा देण्याच्या सुविधेच्या नेहमीच्या रीतीनुसार आपला प्रीफिक्स त्याच्या आधी जोडला जातो. यादी पडद्याऐवजी डेटासेटमध्ये हवी असल्यास ‘कन्सोल’च्या जागी ‘मोठे आहे’चे चिन्ह आणि त्या डेटासेटचे नाव लिहावे, तो डेटासेट मात्र आधीच तयार करून ठेवावा.

मधली ‘चॉप 8’ ही स्टेज क्षुल्लक वाटते, पण ती गाळली तर पडद्यावर न वाचता येणारी चिन्हे उमटतात. तसे का होते हे समजले, की या आज्ञेचे खरे मोल कळते, म्हणून डिरेक्टरीच्या रचनेविषयी थोडे सविस्तर लिहितो.

ओएस/360 च्या काळापासून पीडीएसच्या, म्हणजे मेंबर असलेल्या अशा डेटासेटच्या, सुरुवातीला डिरेक्टरीसाठी जागा राखलेली असते आणि ती 256 बाइटांच्या ब्लॉकांमध्ये विभागलेली असते. ब्लॉकाचे पहिले दोन बाइट, त्यातले किती बाइट वापरात आहेत हे सांगतात, त्यामुळे प्रत्यक्ष नोंदींसाठी 254 उरतात. एका नोंदीत पहिले आठ बाइट मेंबरचे नाव असते आणि नाव लहान असेल तर उजवीकडे मोकळी जागा भरलेली असते. त्यानंतरचे तीन बाइट मेंबरचा डिस्कवरचा पत्ता सांगतात. हा पत्ता लायब्ररीच्या सुरुवातीपासून कितवा ट्रॅक आणि त्यावरची कितवी नोंद अशा रूपात असतो. बारावा बाइट महत्त्वाचा आहे. त्यातला सर्वांत डावा बिट हे नाव मूळ आहे की टोपणनाव, म्हणजे एलियस, हे दाखवतो आणि शेवटचे पाच बिट पुढे वापरकर्त्याच्या माहितीचे किती अर्धशब्द (प्रत्येकी दोन बाइट) आहेत हे सांगतात. त्या पुढील भागात काय ठेवायचे हे मेंबर लिहिणारा प्रोग्रॅम ठरवतो. आयएसपीएफचा संपादक तिथे आपली आकडेवारी (तारखा, ओळींच्या संख्या, बदलणाऱ्याचा आयडी) ठेवतो, तर बाइंडर लोड मॉड्यूलचे, म्हणजे चालवण्याजोग्या प्रोग्रॅमचे, गुणधर्म ठेवतो.

या नावापलीकडच्या भागात शुद्ध द्विमान माहिती असते आणि म्हणूनच ती थेट पडद्यावर पाठवण्याजोगी नसते. मात्र ती टाकाऊही नाही. लिस्टडीएसचे उत्तर माणसाने वाचावे म्हणून मांडलेले असते: आधी रेकॉर्डचा प्रकार आणि लांबी, मग व्हॉल्यूमचे (डिस्कचे) नाव, मग ‘मेंबर्स’ असे शीर्षक आणि त्याखाली थोडी आत सरकवलेली नावे. ते पकडून, वरच्या ओळी मोजून गाळणारा प्रोग्रॅम त्या मांडणीवर विसंबून असतो. वर एखादी ओळ जास्त आली, तर ओळींची मोजणी चुकते आणि शीर्षकाची ओळ मेंबर म्हणून यादीत शिरते. पाइपमधून येणारी नोंद थेट डिरेक्टरीतून येते; तिच्यात शीर्षके नाहीत, म्हणून गाळायचेही काही नाही. आपल्या गटाने लिस्टडीएसचा मार्ग सोडावा असे मी आग्रहाने म्हणतो त्याचे कारण हेच आहे.

ठरावीक अक्षरांनी सुरू होणारीच नावे हवी असतील, तर ‘चॉप’नंतर ‘फाइंड’ ही स्टेज घालावी:

पाइप लिस्टपीडीएस 'प्रोड.पेरोल.जेसीएल' | चॉप 8 | फाइंड पीएवाय| कन्सोल

इथे शोधायच्या अक्षरांना उभी रेघ चिकटवून लिहिली आहे ती मुद्दाम, कारण ‘फाइंड’च्या शब्दानंतरची मोकळी जागाही शोधाचा भाग धरली जाते. नुसती संख्या हवी असेल, तर ‘काउंट लाइन्स’ ही स्टेज पुरेशी आहे. ही संख्या डिरेक्टरीची जागा ठरवताना फार उपयोगी पडते. आयएसपीएफच्या आकडेवारीसह एक नोंद 42 बाइटांची होते, म्हणून एका ब्लॉकात सहाच नोंदी मावतात. आकडेवारी नसेल तर नोंद 12 बाइटांची राहते आणि 21 मावतात. आपल्या 1200 मेंबरांसाठी, सर्वांना आकडेवारी असेल असे धरून, किमान 200 ब्लॉक लागतात. डिरेक्टरी भरली, की डेटासेटमध्ये कितीही जागा शिल्लक असली तरी नवा मेंबर जोडता येत नाही आणि रात्रीचा जॉब बी14 या संकेताने पडतो. पीडीएसई या पीडीएसच्या सुधारित प्रकारात डिरेक्टरी गरजेप्रमाणे वाढते, त्यामुळे तिथे हा हिशेब ठेवावा लागत नाही.

क्रमाविषयीही एक सूचना करतो. डिरेक्टरीत नावे एबसिडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेताच्या क्रमाने असतात, म्हणजे डॉलर, हॅश आणि ॲट ही चिन्हे आधी, मग अक्षरे आणि शेवटी अंक. हीच यादी आपल्या संगणकावर उतरवून तिथे पुन्हा लावली, तर आस्कीच्या क्रमात अंक अक्षरांच्या आधी येतात. दोन्हीकडच्या याद्या ओळीला ओळ लावून ताडून पाहणाऱ्यांना यामुळे नसलेले फरक दिसू लागतात, म्हणून तुलना शक्यतो मेनफ्रेमवरच करावी.

प्रश्न : लायब्ररीतील कोणते मेंबर एका ठरावीक तारखेनंतर बदलले आणि ते कोणी बदलले, हेही पाइपने कळेल का? लेखापरीक्षकांनी अशी यादी मागितली आहे. — एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिला भाग शक्य आहे, दुसऱ्याला मर्यादा आहे आणि ती लेखापरीक्षकांना आधीच सांगणे आवश्यक आहे.

ही माहिती वर सांगितलेल्या आयएसपीएफच्या आकडेवारीतून येते. ती आकडेवारी 30 बाइटांची, म्हणजे 15 अर्धशब्दांची असते, म्हणून अशा मूळ मेंबरच्या नोंदीत बाराव्या स्तंभाचे षोडशमान मूल्य 0एफ असते. तेराव्या आणि चौदाव्या स्तंभात आवृत्ती व उपआवृत्ती, सतराव्यापासून चार स्तंभांत निर्मितीची तारीख, एकविसाव्यापासून चार स्तंभांत शेवटच्या बदलाची तारीख, त्यानंतर तास व मिनिटे, मग ओळींच्या संख्या आणि तेहतिसाव्यापासून बदल करणाऱ्याचा आयडी असा क्रम आहे. तारीख पॅक केलेल्या रूपात असते: आधी शून्य, मग शतकाचा अंक, वर्षाचे दोन अंक, वर्षातला कितवा दिवस याचे तीन अंक आणि शेवटी चिन्हदर्शक एफ. म्हणजे 1 जुलै 2025 ही तारीख 0125182एफ अशी दिसते, कारण तो त्या वर्षाचा 182 वा दिवस आहे. मोठी एकके डावीकडे असल्यामुळे हे चार बाइट थेट परस्परांशी ताडून पाहिले, तरी तारखांचा क्रम बरोबर राहतो. त्या तारखेपासून पुढे बदललेले मेंबर आणि बदलणाऱ्यांचे आयडी असे मिळतील:

पाइप लिस्टपीडीएस 'प्रोड.पेरोल.जेसीएल' | पिक 12 == एक्स0एफ | पिक 21.4 >>= एक्स0125182एफ | स्पेक 1.8 1 33.8 10 | कन्सोल

पहिली ‘पिक’ आकडेवारी असलेल्याच नोंदी पुढे सोडते आणि ती आवश्यकच आहे. ती नसेल, तर आकडेवारी नसलेल्या नोंदींत जे बाइट अस्तित्वातच नाहीत त्यांच्याशी तारखेची तुलना होऊ लागेल. ‘स्पेक’मध्ये पहिले आठ स्तंभ पहिल्या स्तंभापासून आणि आयडी दहाव्या स्तंभापासून मांडला आहे. ज्या मेंबरांच्या ओळी 65,535 हून अधिक आहेत, त्यांच्यासाठी आयएसपीएफ विस्तारित आकडेवारी वापरते. ती 40 बाइटांची असते आणि बाराव्या स्तंभात 14 हे षोडशमान मूल्य येते. तारखेची जागा तीच राहते, त्यामुळे अशा मेंबरांसाठी हीच आज्ञा 0एफच्या जागी 14 घालून पुन्हा चालवावी. कोणत्याही लायब्ररीवर पहिल्यांदा काम करताना दोन-तीन नोंदी ‘स्पेक 1-* सी2एक्स 1’ या स्टेजने षोडशमान रूपात उघडून स्तंभ स्वतः मोजून पाहावेत. मेंबरचे नाव कुठे संपते आणि तारीख कुठे सुरू होते हे त्यावरून लगेच ओळखता येते. इतके खोलात जायचे नसेल, तर ‘लिस्टआयएसपीएफ’ ही वेगळी स्टेज आहे, जी हीच आकडेवारी वाचता येईल अशा रूपात देते. तरीही स्तंभ एकदा स्वतः पाहिलेल्या माणसालाच पुढे शंका आल्यास उत्तर शोधता येते, असे मला मनापासून वाटते.

आता मर्यादेकडे वळतो. ही आकडेवारी आयएसपीएफने केलेली नोंद आहे, यंत्रणेने राखलेला पुरावा नाही. जॉबमधून आयईबीजेनरसारख्या युटिलिटीने मेंबर लिहिला, तर आकडेवारी मुळीच तयार होत नाही आणि तो मेंबर आपल्या यादीतून निसटतो. शिवाय आयएसपीएफच्या 3.5 पर्यायातून, लिहिण्याचा अधिकार असलेली कोणतीही व्यक्ती आकडेवारी बदलू वा पुसू शकते. त्यामुळे आकडेवारी नसलेल्या मेंबरांची यादी वेगळी काढून सोबत द्यावी आणि कोणी बदल केला याचे ठाम उत्तर हवे असेल, तर एसएमएफच्या, म्हणजे यंत्रणा स्वतः राखते त्या, नोंदींकडे जावे. पाइपची यादी कुठे पाहायचे हे सुचवण्यासाठी उत्तम आहे. कोणाला जबाबदार धरण्यासाठी तिचा आधार घेऊ नये.

प्रश्न : चाचणीच्या लायब्ररीत आहेत पण उत्पादनाच्या लायब्ररीत नाहीत असे मेंबर, आणि त्याच्या उलट असलेले मेंबर, एकाच आज्ञेत काढता येतील का? — एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : येतील, आणि या आज्ञेचे सामर्थ्य याच ठिकाणी सर्वांत स्पष्ट दिसते. युनिक्सच्या शेलमधला पाइप एका सरळ रेषेत जातो, तर इथे एका स्टेजला एकाहून अधिक प्रवाह जोडता येतात. दोन याद्या जुळवण्याचे काम ‘लुकअप’ ही स्टेज करते. तिच्या पहिल्या प्रवेशद्वारातून तपासायची यादी आणि दुसऱ्यातून संदर्भयादी येते. जुळलेली नावे पहिल्या दारातून, संदर्भात न सापडलेली दुसऱ्यातून आणि संदर्भातली कोणीच न मागितलेली तिसऱ्या दारातून बाहेर पडतात.

पाइप (एंड ?) लिस्टपीडीएस 'टेस्ट.पेरोल.जेसीएल' | चॉप 8 | ल: लुकअप 1.8 डिटेल | होल
? लिस्टपीडीएस 'प्रोड.पेरोल.जेसीएल' | चॉप 8 | ल: | स्पेक /फक्त चाचणीत/ 1 1.8 20 | कन्सोल
? ल: | स्पेक /फक्त उत्पादनात/ 1 1.8 20 | कन्सोल

ही एकच आज्ञा आहे, वाचायला सोपी जावी म्हणून ती तीन ओळींत छापली आहे. सुरुवातीच्या कंसात प्रश्नचिन्ह हे एका पाइपलाइनचा शेवट दाखवणारे चिन्ह म्हणून ठरवले आहे. ‘ल:’ ही खूण पहिल्यांदा येते तेव्हा ती स्टेजला नाव देते. दुसऱ्यांदा येते तेव्हा त्याच स्टेजचे दुसरे प्रवेशद्वार आणि दुसरे निर्गमद्वार जोडले जाते, तर तिसऱ्यांदा ती ओळीच्या आरंभी असल्यामुळे फक्त तिसरे निर्गमद्वार जोडले जाते. ‘होल’ ही स्टेज जुळलेली नावे स्वीकारून सोडून देते, कारण इथे आपल्याला फरकच हवा आहे. जुळलेली नावेही पाहायची असल्यास ‘होल’च्या जागी ‘कन्सोल’ लिहावे.

‘चॉप 8’ दोन्ही शाखांत हवाच. तो एका शाखेत राहून गेला तरी ‘लुकअप 1.8’ नावावरूनच तुलना करील, पण बाहेर पडणाऱ्या नोंदींत द्विमान भाग मिसळेल. लोड लायब्ररी ताडताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिथे एलियस ही डिरेक्टरीत स्वतंत्र नोंद असते, त्यामुळे एका प्रोग्रॅमची दोन नावे दोन मेंबर म्हणून मोजली जातात. ती वेगळी ओळखायची असतील, तर कापण्याआधी बाराव्या स्तंभाचा डावा बिट तपासावा लागतो. नाव दोन्हीकडे असणे म्हणजे मजकूरही सारखा असणे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. डिरेक्टरी केवळ असणे-नसणे सांगते. मजकुराच्या तुलनेसाठी सुपरसी हा प्रोग्रॅम वापरावा, आणि कोणत्या मेंबरांवर तो चालवायचा हे ठरवण्यासाठी पाइपची ही यादी हाताशी असली की काम पुष्कळ कमी होते.

हे दररोज रात्री आपोआप करायचे असेल, तर जेसीएलमध्ये आयकेजेईएफटी01 हा प्रोग्रॅम चालवावा आणि आज्ञा एसवायएसटीएसआयएन या डीडीखाली द्यावी. ओळ मोडताना शेवटी टीएसओचे जोडचिन्ह लावावे. ‘कन्सोल’चे उत्तर मग एसवायएसटीएसपीआरटीमध्ये येते.

प्रश्न : आमच्या केंद्रावर बॅचपाइप्स घेतलेले नाही. मग काय करावे? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी ‘पाइप क्वेरी’ ही आज्ञा देऊन खात्री करावी, कारण उत्पादन बसवलेले असते पण कोणाला ठाऊक नसते असे पुष्कळदा घडते. आज्ञा असेल, तर ती आपली आवृत्ती सांगते.

नसेलच, तर रेक्समधून आयएसपीएफच्या ‘एलएमएमलिस्ट’ सेवेचा वापर करावा. ती एका वेळी एक मेंबर देते आणि मागितल्यास आकडेवारीही देते, त्यामुळे लिस्टडीएसच्या ओळी मोजण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी भरवशाचा आहे. आयएसपीएफ नसलेल्या जॉबमध्ये आयईएचलिस्ट ही युटिलिटी आहे आणि तिच्यातही ‘लिस्टपीडीएस’ नावाचे विधान आहे. पण ते छापील अहवाल तयार करते, आणि त्यातला ‘फॉरमॅट’ हा पर्याय लोड मॉड्यूलांच्या डिरेक्टरीसाठीच आहे, म्हणून जेसीएलच्या किंवा सोर्सच्या लायब्ररीवर तो वापरू नये.

नेटव्ह्यू हे यंत्रणेच्या देखरेखीचे उत्पादन असलेल्या केंद्रावर आणखी एक मार्ग आहे. नेटव्ह्यूची स्वतःची पाइप आज्ञा असून तिच्यात मेंबरांची यादी देणाऱ्या स्टेजचे नाव ‘मेमलिस्ट’ आहे. ती नेटव्ह्यूच्या सत्रातच चालते, टीएसओमध्ये नाही. झेड/व्हीएमवर काम करणाऱ्यांना मात्र वेगळे काही घ्यावे लागत नाही, कारण तिथे पाइपलाइन्स सीएमएससोबतच येतात. तिथे ‘लिस्टपीडीएस’ला डेटासेटऐवजी मॅकलिबसारख्या (मॅक्रोंच्या लायब्ररीसारख्या) फाइलचे नाव आणि प्रकार द्यावा लागतो:

पाइप लिस्टपीडीएस डीएमएसजीपीआय मॅकलिब | चॉप 8 | सॉर्ट | कन्सोल

पहिले आठ स्तंभ तिथेही नावाचेच असतात, परंतु त्यांच्या पुढची रचना झेड/ओएसच्या डिरेक्टरीसारखी नसते, म्हणून वर दिलेले तारखेचे स्तंभ सीएमएसवर वापरू नयेत.